बॉल आके गया

शुक्रवार, १४ जानेवारी २०००
करामा, दुबई

आज इद्रीस भेटला. शारजातल्या मैदानावर, आमचं चॅनल यंदा जी कंपन्यांची आणि गाववाल्यांच्या टीमांची फुटबॉल टूर्नामेंट दाखवतंय, तिच्या पहिल्याच दिवशी. मी वायरी ओलांडत कॉमेंट्रीच्या मचाणावर चढत होतो, तेवढ्यात खालून हाक आली, "पक्याऽ!" या नावाने हाक मारणारी माणसं आता उरलीत किती? अनुपमासुद्धा 'अहो' म्हणते आणि इथे सगळ्यांचा मी 'प्रकाशभाई'.

उडी मारून खाली आलो. गुडघ्यात कळ आली, पण मिठी मारली. पोट सुटलंय त्याचं, दाढी पांढरी झालीय. इद्रीस मुकादम, रत्नागिरीचा. गोव्यातल्या क्लबात आम्ही पाच हंगाम एका खोलीत काढले. तो हाफला, मी डाव्या विंगला. कोल्हापुरात अजून लोक माझे गोल सांगतात. खरं तर मागून इद्रीस बॉल उचलून टाकायचा आणि मी पळत जाऊन बरोबर त्याच्या खाली पोचायचो. पोचणं हेच माझं कसब. मान वळवून बघावंसुद्धा लागायचं नाही. पुढे लिगामेंट तुटलं आणि सगळंच खलास. इद्रीस त्यानंतर दोनच वर्षं खेळला म्हणे.

आता तो शारजात शाळेच्या मुलांची गाडी चालवतो. तिथल्याच रोला भागात खोली करून राहतो. मरियमवहिनी आणि मुलं गावी. इथे रत्नागिरीकरांच्या टीमचा गोलकीपर झालाय. म्हणाला, "पळवत नाही रे. म्हणून उभा राहतो."

लगेच दिवसाची दुसरी मॅच दाखवायची होती, त्यामुळे फार बोलता आलं नाही. कॉमेंट्री बरी झाली. माझा जोडीदार मुनीर उर्दूत असा बोलतो की ऐकत राहावं. कराचीचा माणूस, शब्द कसे झुळझुळ येतात. मग माईक माझ्याकडे आला की माझी कोल्हापुरी हिंदी धाडकन दगडासारखी पडते. पूर्वी मला त्याची लाज वाटायची. पण आज एकजण ठेचकाळून पडला तेव्हा मी सहज म्हणालो, "उठो भाई, उधर खाट नहीं डाला है," आणि कानातल्या यंत्रात आमचा प्रोड्यूसर कुशल खो-खो हसला.

शुक्रवार, २१ जानेवारी

आज असे तीन-चार टोले जमले. कुशल म्हणतो, "सर, खेळ मुनीरभाई सांगतील. तुम्ही फक्त असं बोलत राहा. लोकांना तुमचंच ऐकायचंय." वय वर्षं एकोणतीस, पण टीव्ही त्याला कळतो. मॅच संपल्यावर चहावाल्या मल्याळी पोऱ्यापासून सगळे माझ्याकडे बघून हसत होते. पुढच्या वर्षी मोठ्या मॅचेस माझ्याकडे देतील असं वाटतंय. इन्शाल्ला, इथे सगळे म्हणतात तसं.

लेकीला, मैथिलीला, सोबत नेलं होतं. गाडीत येताना गप्प होती. ऊन लागलं असावं.

शुक्रवार, २८ जानेवारी

आज इद्रीसची मॅच. रत्नागिरी विरुद्ध एक बांधकाम कंपनी. साडेपाचचा सुमार, सूर्य पार खाली गेलेला, मैदानावर ना धड उजेड ना धड अंधार. समोरच्या हाफने मधूनच एक लांब बॉल मारला. गोलवर मारलाच नव्हता, पुढे ढकलायचा म्हणून ढकलला होता. बॉलने एक टप्पा घेतला, दुसरा घेतला, आणि इद्रीसच्या डाव्या बाजूने सरळ जाळ्यात. इद्रीस जागचा हलला नाही. बॉल आत गेल्यावर त्याची मान वळली.

मी ते बघितलं. मुनीर काही बोलायच्या आत मी म्हणालो, "ओ कीपरसाब! बॉल आके गया बी! चाय पी रहे थे क्या?"

कुशल कानात ओरडला, "सुपर, सर! अजून!" मग मी अजून दिलं. कीपरसाबना चष्मा पाठवा, कीपरसाबना बॉलचा फोटो दाखवा, त्यांची भेट नाही झालेली कधी, असं बरंच काही. मुनीरसुद्धा हसून हसून खोकायला लागला.

खाली जाऊन इद्रीसला भेटायचं होतं, पण लगेच पुढच्या मॅचची तयारी करायला लागलो. आमच्यात हे चालतं. गोव्यात तो मला काय काय म्हणायचा!

मंगळवार, १ फेब्रुवारी

ती क्लिप चॅनलवर दर तासाला लागते. आज करामाच्या बाजारात भाजी घेताना एकाची बस सुटली, तर दुकानदार ओरडला, "ओ भाईसाब, बस आके गया बी!" त्याला माहीतही नव्हतं की मी शेजारीच उभा आहे. मग कुणीतरी ओळखलं आणि गर्दी झाली. कोथिंबिरीवर सही घेतली नाही एवढंच.

घरी येऊन सांगितलं. अनुपमा पोळ्या लाटत होती. म्हणाली, "इद्रीसभाईंना फोन केलात का?"

म्हटलं, "कशाला? त्याला मजा वाटली असेल."

"मग करा की. मजा वाटली का विचारा."

नंबर घेतलाच नव्हता मी. ते तिला सांगितलं नाही.

शुक्रवार, ४ फेब्रुवारी

रत्नागिरीच्या मॅचला पब्लिक तिप्पट. इद्रीसकडे बॉल गेला की सगळं मैदान एका सुरात, "आके गया बी!" त्याने दोन बॉल चांगले अडवले, तरी तेच. मी आज त्याच्यावर काही बोललो नाही. बोलायची गरजच नव्हती.

मॅच संपल्यावर मुद्दाम खाली गेलो. हात पुढे केला. त्याने हात दिला, पण माझ्या हाताच्या बाजूने हवेत गेला तो. मग चाचपल्यासारखं करून माझं मनगट धरलं. राग आला असावा. तोंडाने मात्र "चालायचंच" म्हणाला. मी म्हटलं, "मनावर घेऊ नकोस, धंदा आहे." तो म्हणाला, "तुझा आवाज छान लागतो टीव्हीवर. तो ओळखू येतो लगेच." मला बरं वाटलं.

गुरुवार, १० फेब्रुवारी

मैथिलीला उद्या चल म्हटलं. "आय हॅव अ टेस्ट," म्हणाली. परवाही टेस्ट होती. अभ्यास करतेय हे चांगलंच आहे.

शुक्रवार, १८ फेब्रुवारी

लिहायला हात होत नाही. तरी लिहितो.

रत्नागिरीच्या टीममध्ये आज कीपर दुसराच. मी मचाणावरून उतरून त्यांचा कॅप्टन खैरुद्दीन याला विचारलं, इद्रीस कुठाय? हा खैरुद्दीन दुबईतल्या देऱ्यात इलेक्ट्रिकचं सामान विकतो, एरवी गोड बोलणारा माणूस. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बुटाची नाडी बांधत म्हणाला, "त्याच्या गाड्यांच्या मालकाने तुमचा प्रोग्रॅम बघितला. ऑफिसात सगळे मिळून बघत होते, हसत होते. तिसऱ्यांदा लावल्यावर मालक हसायचा थांबला. म्हणाला, या माणसाला बॉल दिसला नाही, आणि हा मुलं घेऊन जातो? दुसऱ्या दिवशी डोळे तपासायला पाठवलं."

"मग?"

"मग काय! शुगर आहे त्याला. डोळ्यांच्या आत रक्त उतरलंय. लायसन गेलं, नोकरी गेली. व्हिसा कॅन्सल होतोय. यल्ला, चला, आम्हाला खेळायचंय."

मी वर गेलो. मॅच सुरू झाली. काय बोललो आठवत नाही. कुशल दोनदा कानात म्हणाला, "सर, एनर्जी!"

शनिवार, १९ फेब्रुवारी

त्या दिवशी त्याची मान उशिरा वळली, ते मी बघितलं होतं. हे मी स्वतःच्या हाताने अठ्ठावीस तारखेच्या पानावर लिहिलंय. सबंध मैदानात फक्त मला ते कळण्यासारखं होतं. बॉल पायातून निघायच्या आधीच इद्रीसला तो कुठे पडणार हे कळायचं. असा माणूस बॉल येताना नुसता उभा राहतो म्हणजे काहीतरी बिघडलंय, हे मला कळलं नसेल? कळलं. एका क्षणात कळलं, आणि दुसऱ्या क्षणी मला वाक्य सुचलं. वाक्य सुचल्याचा इतका आनंद झाला की पहिलं सगळं विसरलो.

हात हवेतून गेला तेव्हा तर मी 'राग आला असावा' असं लिहिलंय. शरम वाटते ते पान वाचताना.

सोमवार, २१ फेब्रुवारी

ऑफिसातून लवकर निघून शारजाला गेलो. रोल्यात गाडी लावायला जागा मिळाली. त्याची बिल्डिंगही सापडली, खाली कॅफेटेरियात विचारलं होतं. जिन्यापर्यंत गेलो. कॅफेटेरियातल्या माणसाने मला ओळखून पोरांना दाखवलं, "अरे, आके गया बी!" तिथूनच मागे फिरलो.

अनुपमाला सांगितलं की ट्रॅफिक होता.

शुक्रवार, २५ फेब्रुवारी

आज ऑन एअर माफी मागितली. काल दिवसभर मनात वाक्यं जुळवत होतो. हाफटाइमला मुनीरचं वाक्य तोडून म्हणालो, "मला एक सांगायचंय. ज्या कीपरवर मी हसलो तो माझा जुना साथी आहे. त्याला कमी दिसतं. मला ते दिसलं होतं, तरी मी हसलो. मी त्याची माफी मागतो."

मुनीर गोंधळला. मग त्याला वाटलं मी काही मोठी गंमत करतोय, आणि तो प्रेक्षकांना म्हणाला, "नाज़रीन, प्रकाशभाई का दिल भी आके गया बी!" आणि हसला. खाली मैदानावर स्पीकर लावलेले असतात. सगळं मैदान हसलं.

मॅचनंतर कुशल पाठीवर थाप मारून म्हणाला, "सर, तो सेंटी टोन काय पकडला होता! हेही प्रोमोत घेऊ या."

म्हटलं, "मी खरं बोलत होतो."

तो थांबला. वाईट मुलगा नाही तो. खालच्या आवाजात म्हणाला, "सर, तुम्ही खरं बोललात तरी कोणाला कळणार? तुमचा आवाज आला की लोक हसायला तयार बसलेले असतात."

रविवार, २७ फेब्रुवारी

मैथिलीच्या शाळेत पालकांची मीटिंग. मी जातो म्हटलं तर ती एकदम म्हणाली, "नो! मम्मा विल कम." अनुपमा तिला आत घेऊन गेली. मी दाराबाहेर उभा राहून ऐकलं. ऐकायला नको होतं.

मग अनुपमाने बाहेर येऊन सांगितलं. सरळ सांगितलं, आडवळण घेतलं नाही. शाळेच्या बसमध्ये मुलं त्या वाक्यावरून ड्रायव्हरला चिडवतात. आमच्या मैथिलीच्या बसचा ड्रायव्हर कुणी पठाण आहे, म्हातारा, त्याला काही पत्ता नाही. पण ब्रेक लागला की सगळी बस ओरडते. मैथिली कोपऱ्यात बसून राहते. कुणीतरी तिला विचारलं, तो टीव्हीवरचा इंगवले तुझा कोण? ती म्हणाली, "कुणी नाही. आडनाव सेम आहे फक्त."

"कधीची गोष्ट?" मी विचारलं.

"तुम्ही फोन करत नव्हतात तेव्हाची."

मग ती म्हणाली, "तिला रागवू नका." रागवायला तोंड कुठे होतं मला?

गुरुवार, २ मार्च

आज गेलो. दुपारी, उजेडात.

खोलीत सहा पलंग, बाकीचे कामावर. इद्रीस खिडकीपाशी बसून शर्टांच्या घड्या घालत होता. दारातून मी काही बोललो नाही तर म्हणाला, "कोण?" म्हटलं, "मी." लगेच म्हणाला, "ये पक्या. ती खुर्ची रिकामी आहे ना बघ, माझे कपडे असतील तिच्यावर."

तो उठून चहा करायला लागला. मी करतो म्हटलं तर नको म्हणाला. पातेलं, साखर, दूध, सगळं हाताने जागच्या जागी सापडत होतं त्याला. स्वतःच्या कपात साखर घातली नाही. कप घेऊन तो पलंगावर बसला.

मग माफी मागितली. टीव्हीवरचं जुळवलेलं एकही वाक्य आलं नाही. "इद्रीस, मी नालायक आहे," एवढंच आलं.

तो म्हणाला, "टीव्हीवर बोललास ते सांगितलं मला. लोक हसले म्हणे."

"हो."

"मी पण हसलो ऐकून. काय करणार!"

मग बराच वेळ तो बोलला. दिवाळीच्या सुमारापासून डोळ्यांपुढे काळी जाळी यायला लागली होती. दुपारी ठीक असायचं. सांजेला आणि पहाटे काही खरं नाही. थंडीत इथे मुलांना उचलायची वेळ म्हणजे अंधारच. रस्ता पाठ होता, म्हणून चालवत राहिला. "कुणाला सांगणार? सांगितलं की संपलं. मरियमला पण नाही सांगितलं. रमजानच्या आधी एकदा गाडी फुटपाथवर चढली. मागे पंधरा-वीस पोरं. ती हसली, त्यांना वाटलं ड्रायव्हर अंकलनी मुद्दाम उडवली. मी पण हसलो त्यांच्याबरोबर. घरी येऊन उलटी झाली मला. आणि तरी दुसऱ्या दिवशी गाडी काढली. आता बोल, नालायक कोण?"

त्याने चहाचा घोट घेतला.

"म्हणून गाडी बंद झाली त्याचं मी वाईट वाटून घेत नाही," तो म्हणाला. "एखादं पोर गेलं असतं तर? अल्लाने वाचवलं. तुझ्या तोंडून वाचवलं म्हण हवं तर."

खरं लिहितो. हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. अगदी छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं. मी म्हणूनही गेलो, "म्हणजे एका अर्थी बरंच झालं."

त्याने कप खाली ठेवला.

"तसं नाही पक्या. ते मी म्हणायचं, तू नाही. मला एक सांग. मॅचमध्ये तुला दिसलं होतं ना, मला दिसत नाही ते?"

"हो."

"मला माहीत होतं. गोल झाला तेव्हा मी मचाणाकडे तोंड केलं. तू दिसला नाहीस, पण म्हटलं, पक्या आहे वर, त्याला कळलं असणार. मॅच संपली की खाली येईल. खांद्यावर हात टाकून विचारील, काय झालं रे तुला? तू विचारलं असतंस तर मी सगळं सांगितलं असतं. तुला सांगितलं असतं. मग आपण दोघं मालकाकडे गेलो असतो. गाडी तेव्हाही सुटली असती, पण माणसासारखी सुटली असती. मी तिथे बूट काढत बसून राहिलो, सगळे गेले तरी. तू आला नाहीस."

त्याचा आवाज चढला नव्हता. मी खुर्चीवरून उठून त्याच्या पलंगावर जाऊन बसलो. खाली रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

शेवटी तो म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी फ्लाइट आहे. शारजाहून मुंबई. तिथे डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार आहे भाऊ. येशील सोडायला? खैरुद्दीनला दुकान आहे."

"शुक्रवारी फायनल आहे," असं माझ्या तोंडात आलं होतं. गिळलं. "येतो," म्हणालो.

शनिवार, ४ मार्च

कुशलला सांगितलं, फायनलला मी नाही, आणि ती क्लिप बंद करा. त्याने वरच्यांना विचारलं. क्लिप बंद होणार नाही, तो चॅनलचा माल आहे. आणि फायनलला नसेन तर पुढच्या सीझनचंही बघावं लागेल. म्हटलं, बघा. बाहेर पडताना मुनीर आडवा आला. त्या दिवशी आपण हसलो त्याचं त्याला वाईट वाटत होतं. त्याला म्हटलं, "तुमचा काय दोष? मीच लोकांना सवय लावली."

चॅनलच्या ब्यूरोत रात्रीच्या बातम्यांत स्कोअर वाचायला माणूस लागतो, तेवढं काम बहुतेक मिळेल. चेहरा दिसत नाही त्यात.

अनुपमाला सांगितलं तेव्हा ती "बरं" म्हणाली आणि माझ्या ताटात भात वाढला. मैथिली ताटाकडे बघत जेवत होती. तिलाही सांगितलं, इद्रीसकडे मी गेलो होतो आणि तो काय म्हणाला. सगळं सांगितलं, बूट काढत बसल्याचंही. तिने विचारलं, "सो ही फरगेव्ह यू?"

"नाही. तसं काही म्हणाला नाही."

तिने आणखी दोन घास खाल्ले. मग म्हणाली, "फ्रायडेला मी पण येऊ?"

शुक्रवार, १० मार्च

आम्ही दोघं रोल्याला गेलो. इद्रीस खाली उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. मैथिलीने बॅग उचलायला हात घातला तर म्हणाला, "नको गो, तुझ्या हाताला ओझं होईल." तिने ऐकलं नाही.

एअरपोर्टवर गर्दी होती. ईद तोंडावर आलीय, सगळे गावी चाललेत. दारातच एका माणसाने मला ओळखलं. "प्रकाशभाई! एक बार वो बोलो ना, कीपरसाब वाला!" त्याची बायको, पोरं, सगळी हसत उभी. इद्रीस माझ्या बाजूला, माझा कोपर धरून. मी म्हटलं, "नहीं भाई, वो मैं नहीं बोलता अभी." तो माणूस हिरमुसला. म्हणाला, "इतना भाव क्यों खाते हो?" इद्रीसने माझा कोपर पुढे ओढला. मैथिलीने मात्र माझ्याकडे बघितलं. आणि तिच्या वर्गातली एखादी मुलगी तिथे असेल की काय, असा विचार माझ्या मनात आला.

आत इद्रीसने विचारलं, "बोर्डवर काय लिहिलंय? मला नुसते लाल ठिपके दिसतात."

मी वाचलं. मुंबई, वेळेवर, काउंटर आठ. माझा आवाज आपोआप मोठा निघाला, माईकसमोर निघतो तसा. तो म्हणाला, "हळू. मी इथेच आहे."

मग मी हळू बोलायला लागलो. पुढे रांग आहे, वीसेक माणसं. तुझ्यापुढे एक बाई आहे, तिच्या कडेवर मूल झोपलंय. ट्रॉली डावीकडून येतेय, थांब. आता दोन पावलं. काउंटरवरची मुलगी तुझ्याकडे बघतेय, पासपोर्ट दे. तो ऐकत होता आणि चालत होता. एकदाही अडखळला नाही.

पासपोर्टच्या दारापुढे आम्हाला जाता येत नव्हतं. एअरलाइनचा एक माणूस त्याला न्यायला आला. इद्रीसने माझा हात शोधला, या वेळी मी तो मधेच पकडला. म्हणाला, "चल."

तो माणूस त्याला घेऊन निघाला. काचेपलीकडे एक पायरी होती. त्या माणसाने सांगितलं नाही, तो फोनवर बोलत होता. मी इकडून ओरडलो, "इद्रीस, पायरी!" काच होती मधे. पण तो थांबला, पायाने चाचपून बघितलं, आणि चढून आत गेला.

त्याने ऐकलं की त्याला स्वतःलाच कळलं, माहीत नाही. मैथिली म्हणाली, "पप्पा, ही हर्ड यू." मी म्हटलं, "नसेल ऐकलं." मग आम्ही गाडीकडे आलो.